अमळनेरहून केदारकंठा: सामान कुठून घ्यायचं आणि थंडीचा सराव कुठे करायचा

ताई, तुम्ही शाळेत शिकवता, आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत तुम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि तुमचा धाकटा भाऊ असे चौघं उत्तराखंडात केदारकंठ्याला जाणार आहात. बर्फात याआधी कुणीच चाललेलं नाही. अमळनेरच्या बाजारात स्वेटर-कानटोपीच्या पुढे काही मिळत नाही आणि ऑनलाइन यादी काढली की आकडा बघूनच धडकी भरते. तेव्हा काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, आणि जायच्या आधी आपल्या खानदेशात डोंगराचा नि थंडीचा सराव होईल अशी जागा आहे का? शिवाय भावाला स्कीइंग शिकायचंय, त्याचंही विचारलंय.

मी धुळ्याचा. बरीच वर्षं इथल्या मुलामुलींना सातपुड्यात आणि हिमालयात घेऊन जातो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाला सोपं वाटणारं सामान आपल्याकडे कुठे अडतं, ते मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, ती ऑनलाइन यादी बंद करा. अशा याद्यांमध्ये गरजेचं, सोयीचं आणि मिरवायचं सगळं एकाच ओळीत बसवलेलं असतं. आमच्याकडे आम्ही एवढंच सांगतो: अंगाला लागतं ते विकत घ्या, बर्फाला लागतं ते भाड्यानं घ्या. बूट, मोजे, आतले गरम कपडे, हातमोजे हे तुमच्या मापाचे आणि तुमच्या सवयीचे हवेत. मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायची दातेरी साखळी), गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण), काठ्या, जाड जॅकेट हे सांकरीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावातच भाड्यानं मिळतं. चार दिवसांच्या वापरासाठी ते अमळनेरच्या माळ्यावर आणून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता बूट. बाकी सगळ्यावर काटकसर करा, बुटांवर नको. महाराष्ट्रातले निम्मे ट्रेकर ज्या ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांवर सह्याद्री फिरतात, ते आपल्या काळ्या कातळावर फार छान पकड घेतात आणि स्वस्तही आहेत. सातपुड्यासाठी डोळे मिटून घ्या. पण बर्फासाठी ते बनलेले नाहीत. बर्फ वितळून कापडातून आत जातो, मोजा ओला होतो, आणि ओल्या मोज्यात बोटं बधिर व्हायला वेळ लागत नाही. केदारकंठ्याला घोट्याच्या वर येणारा, पाणी आत न घेणारा, खोल नक्षीच्या तळाचा बूट हवा.

तो अमळनेर, पारोळा, चोपड्यात मिळणार नाही. जळगावच्या फुले मार्केट-गोलाणी मार्केटच्या भागात किंवा धुळ्यात आग्रा रोडला ‘ट्रेकिंग शूज’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा दिसायला तसे असणारे चालण्याचे बूट असतात. त्यासाठी एक दिवस काढून नाशिकला किंवा सुरतेला जा. दोन्हीकडे डेकॅथलॉनचं मोठं दुकान आहे. तुम्हाला सुरत जास्त सोयीचं, कारण अमळनेर सुरत-भुसावळ लाईनवरच आहे. चौघांनी एकदमच जा. बूट दुसऱ्यानं आणून द्यायची वस्तू नाही. ऑनलाइन मागवायचे असतील तरी माप आधी दुकानात बघून या.

दुकानात जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो आणि डोंगरात तो तसाच राहणार असतो. ट्रेकला घालणार तोच जाड मोजा सोबत न्या. नाडी न बांधता पाय बुटात घालून बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवा. आता टाचेच्या मागे तुमच्या हाताचं एक बोट आरामात शिरलं पाहिजे. शिरत नसेल तर पुढचं माप घ्या. मग टाच मागे दाबून नाडी कसा आणि दुकानात जो उतार, पायऱ्या किंवा रॅम्प असेल त्यावरून उतरून बघा. उतरताना अंगठा पुढे आपटला, तर तो बूट कितीही आवडला तरी ठेवून द्या. केदारकंठ्याच्या उतरणीला त्या अंगठ्याचं नख काळं होणार हे ठरलेलं. चढताना टाच आतून वर उचलली जात असेल, तर तिथे फोड येणार. मुलीच्या बाबतीत ‘वाढतं वय आहे, दोन नंबर मोठेच घेऊ’ हा आपला शाळेच्या बुटांचा हिशेब इथे लावू नका. मोठ्या बुटात पाय सरकतो आणि घोटा मुरगळतो.

घेतलेले बूट कपाटात ठेवू नका. निघायच्या निदान तीन-चार आठवडे आधीपासून रोज घाला, शाळेत घातले तरी चालेल. जिथे टोचतंय ते इथेच कळलं पाहिजे.

कपड्यांचं सांगताना मला आपल्या भागातल्या माणसाला एक गोष्ट जरा जोर देऊन सांगावी लागते. आपण कापूस पिकवणारी माणसं. सुती बनियन, सुती शर्ट, सुती ओढणी यातच वाढलो, आणि खानदेशातल्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही, कारण कापूस घाम शोषून धरतो आणि अंग गार ठेवतो. बर्फात नेमकं हेच अंगावर उलटतं. चढताना घाम येतोच, उणे पाचमध्येही येतो. तो बनियनमध्ये राहिला आणि तुम्ही फोटोला दहा मिनिटं थांबलात, की तेच बनियन अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर नकोच. एकदा भिजली की चार दिवस वाळत नाही आणि गुडघ्याखाली पत्र्यासारखी कडक होते.

त्याऐवजी थर करा. अंगाला चिकटून घाम बाहेर टाकणारा पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या कापडाचं जॅकेट), थांबल्यावर आणि तंबूत घालायला पिसांचं किंवा कृत्रिम कापसाचं फुगीर जॅकेट, आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारा विंडचीटर. चालताना यातले दोनच अंगावर असतात. चालायला लागण्यापूर्वी थोडी थंडी वाजत असेल तर बरोबर कपडे घातले आहेत असं समजा. दहा मिनिटांत अंग तापतं. उबदार वाटेल इतकं घालून निघालात तर पहिल्याच चढाला घामाघूम व्हाल.

यातलं बरंच आपल्याकडेच मिळतं. थंडीत शहराशहरांतून तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथे लोकरीच्या टोप्या, मफलर, हातमोजे, फ्लीसची जॅकेटं चांगली आणि रास्त मिळतात. होजिअरीच्या दुकानातले थर्मल चालतील, फक्त आतली पट्टी वाचा आणि शंभर टक्के कॉटन असेल तर ठेवून द्या. हातमोजे दोन जोड: आत पातळ लोकरीचे, वर पाणी न घेणारे. नुसते लोकरीचे हातमोजे घालून बर्फाला हात लावला की ते भिजलेच.

विंडचीटर घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे थोडे शिंतोडे झटकून टाकणाऱ्या कापडालाही वॉटरप्रूफ म्हणून विकतात. घरी आणलं की बाहीचा खोलगट भाग करून त्यात वाटीभर पाणी ओता आणि वीसेक मिनिटं ठेवा. खालून बोट फिरवल्यावर ओल लागली, तर दुकानदाराला परत करा. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या आहेत का तेही बघा, पाणी आधी तिथूनच येतं.

डोक्यावर बांधायची बॅटरी ही वस्तू मात्र आपल्याकडे मोठ्या शहरांपेक्षा सहज मिळते. रात्रीच्या लाईटीवर गव्हाला, केळीला पाणी देणारा आपला शेतकरी वर्षानुवर्षं हीच बॅटरी कपाळाला लावून बांधावर फिरतो. कृषी साहित्याच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात बघा. वजनाला हलकी आणि डोक्यावरून न घसरणारी निवडा. माथ्याच्या दिवशी पहाटे दोन-तीनला अंधारात निघावं लागतं, तेव्हा प्रत्येकाची स्वतःची हवी. दोघांत एक अजिबात चालणार नाही.

गॉगलकडे लोक दुर्लक्ष करतात. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे डोळ्यांना खालून आणि वरून दोन्हीकडून मार बसतो. दिवसभर तसंच फिरलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. ‘यूव्ही ४००’ लिहिलेला, कडेनंही झाकणारा गॉगल चष्म्याच्या चांगल्या दुकानातून घ्या. यात्रेतला नुसता काळा गॉगल जास्त धोक्याचा, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण तसेच आत जातात. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा.

सांकरीत भाड्यानं घेताना रात्री घाईनं पिशवी उचलून आणू नका. मायक्रोस्पाइक्स दुकानातच आपल्या बुटावर चढवून बघा. रबर ताणून धरा: कुठे बारीक चिरा दिसल्या तर थंडीत ते तिथेच तुटणार. साखळीची प्रत्येक कडी बंद आहे का, दाते बोथट झालेत का, हे बोट फिरवून तपासा. बुटावर चढवल्यावर पाय जोरानं आपटा. साखळी कडेला सरकली तर माप मोठं आहे. गेटर्सच्या तळातून जाणारा पट्टा बघा, तो आधी तुटतो. काठीचे टप्पे लांब करून त्यावर अंगाचा भार टाका, खाली घसरली तर दुसरी मागा. मुलीच्या मापाचं जॅकेट आणि स्पाइक्स ठेवता का, हे तुमच्या आयोजकाला आत्ताच विचारून घ्या. लहान मापांची तिथे टंचाई असते. स्त्रियांच्या लहान मापाच्या बुटांचीही तीच गत.

स्लीपिंग बॅग आयोजकच देतो. त्यावरच्या आकड्यांत ‘कम्फर्ट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे वेगवेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे माणूस कसाबसा तग धरेल ते तापमान, झोप लागेल ते नव्हे. बॅग उणे दहाची आहे असं कुणी सांगितलं तर यातला कुठला आकडा, असं विचारा. आत घालायला एक पातळ लायनर, म्हणजे कापडाची आतली पिशवी, घरीच शिवून घ्या, स्वच्छताही राहते.

बारीकसारीक: पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो तेव्हा तोंड मोकळं राहतं. नळीनं पाणी प्यायची पिशवी नको, नळी गोठते. मोबाइल, पॉवर बँक आणि बॅटरीचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात कपडे भरा, नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. खायला डिंकाचे लाडू, दराबा (आपला खानदेशी लाडू), गूळ-शेंगदाणे न्या. चॉकलेटचे बार तिथे दगड होतात, आपला दराबा होत नाही. पाळीची तारीख त्या दिवसांत येत असेल तर सामान मोजून न्या आणि वापरलेलं घट्ट पिशवीत बांधून परत आणा. मुलीलाही हे आधी मोकळेपणानं सांगून ठेवा.

तुमच्या भावानं दोर घ्यावा का असं विचारलंय. केदारकंठ्याला दोर लागत नाही. आणि इथे मी फार स्पष्ट सांगतो: हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर आणून लळिंग किल्ल्याच्या किंवा कुठल्याही कड्यावरून रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, करायचं नाही. गिर्यारोहणाचा दोर दोन थरांचा असतो, आतला गाभा भार घेतो आणि वरचं विणलेलं आवरण त्याला घासण्यापासून वाचवतं. चढाईचा दोर पडणाऱ्या माणसाचा धक्का ताणून शोषतो. त्याच्यावर चाचणीचा क्रमांक असतो, कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या कडीवर) तो किती किलोन्यूटन भार घेतो ते कोरलेलं असतं. विहिरीवरच्या किंवा ताडपत्री बांधायच्या दोराला असली कुठलीही हमी नसते आणि घर्षणानं तो वितळू शकतो. शिकायचं असेल तर शिकवणाऱ्यांकडे जा, त्याबद्दल खाली लिहितो.

आता आपल्या खानदेशातला हिवाळा. लोकांना वाटतं थंडी बघायची तर उत्तरेतच जावं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की धुळे-जळगावचा पारा सात-आठपर्यंत सहज उतरतो. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा डिग्रीनं कमी होतं, म्हणजे खाली आठ असेल तेव्हा वर दोन-तीन. शिवाय आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडून देते, आणि गवताच्या उंचीवरचं तापमान हवेपेक्षाही खाली जातं. त्यामुळेच तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा भागात पहाटे गवतावरचं दव गोठतं. थंड हवा पाण्यासारखी उतारानं खाली वाहते, म्हणून खोलगट जागा माथ्यापेक्षा गार असते. हे एकदा तोरणमाळला अनुभवलंत, की हिमालयात तंबू ओढ्याकाठी का लावायचा नाही ते सांगावं लागणार नाही.

म्हणून माझा सल्ला: डिसेंबरातला एक शनिवार-रविवार तोरणमाळसाठी ठेवा. शहाद्याहून घाटानं वर जाता येतं, राहायची सोय आहे. पूर्ण सामान पाठीवर घेऊन यशवंत तलाव, खडकी पॉइंट, सीताखाई असं दिवसभर चाला. पहाटे पाचला उठून थर्मल, फ्लीस, हातमोजे, कपाळावर बॅटरी, सगळं चढवून तासभर चालून बघा. हातमोजे घालून नाडी बांधता येते का? सॅकची बकल उघडता येते का? टोपी कानांवर राहते का? दहा मिनिटांनी जॅकेट काढायची आठवण होते का? यातलं जे अडेल ते इथे दुरुस्त करायला तुमच्याकडे महिना असेल. वर भेटणारा एखादा खानदेशी माणूस ‘थंडी लागी ऱ्हायनी का भाऊ?’ म्हणून शेकोटीला बोलावेलच, पण आधी हा तास पुरा करा.

चढ-उतारासाठी लळिंग तुम्हाला जवळ. धुळ्याच्या पलीकडे, आग्रा महामार्गालाच लागून किल्ला उभा आहे. फारुकी राजवटीच्या काळापासून खानदेशच्या इतिहासात त्याचं नाव आहे. उंची फार नाही, म्हणूनच एका सकाळी तो दोनदा-तीनदा चढा-उतरा. सॅकमध्ये आधी चार किलो, मग सहा-सात. दम चढताना लागतो पण गुडघे उतरताना बोलतात. उतरणीचा सराव सपाटीवर कितीही चाललं तरी होत नाही, आणि अमळनेर तर सगळं सपाट. शाळेचा जिना हाताशी आहे, आठवड्यातून तीन दिवस तो वापरा.

चाळीसगावजवळचं पाटणादेवी मला सगळ्यात आवडतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथे मठ स्थापल्याचा शिलालेख या गावाला आहे. देवीचं जुनं मंदिर, वर कन्हेरगड, रानात केदारकुंड आणि धवलतीर्थ. गणित शिकवत असाल तर मुलांना घेऊन जाच. हा भाग गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, सूर्यास्ताआधी बाहेर पडा, बिबट्याचा वावर आहे. कड्यांना आग्या मोहळं असतात. अत्तर लावून जायचं नाही, खाली धूर करायचा नाही, आरडाओरडा तर मुळीच नाही. यावल अभयारण्यात, पाल गावाकडेही हेच नियम.

अस्तंब्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो माणसं सातपुड्याचं हे शिखर रात्रीतून चढतात. ती यात्रा आहे. भावाला जायचं असेल तर यात्रेकरू म्हणून जावं, इतरांच्या चालीनं चालावं, अनवाणी चढणाऱ्याला वाट द्यावी. एरवी धडगावच्या भागात फिरायचं तर गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवून रोख द्या. पावरा-भिल्लांच्या घरांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

थंडीची सवय सातपुड्यात होईल, उंचीची होणार नाही. ती कुणालाच इथे करता येत नाही. आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर राहणारी माणसं. केदारकंठ्याचा माथा सुमारे १२,५०० फूट, म्हणजे ३८०० मीटर. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तब्येतीनं दणकट आहे त्यालाही, आणि धावणाऱ्या तरुणांना तर घाईमुळे जास्त. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, झोप न लागणं ही सुरुवात. असं झालं तर लपवायचं नाही, लगेच गाइडला सांगायचं आणि त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यात फेस आला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं. यावर उतरणं हाच इलाज आहे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा. मुलीला निघायच्या आधीच बजावून ठेवा की डोकं दुखतंय हे सांगितल्यानं कुणाचा ट्रेक बुडत नाही. मुलं आईबाबांचा हिरमोड होईल म्हणून गप्प बसतात, हे मी वारंवार पाहिलंय.

थंडीनं बोट पांढरं पडून बधिर झालं तर बर्फानं चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही. काखेत किंवा पोटाशी धरून ऊब द्या.

आयोजक निवडताना किमतीआधी तीन गोष्टी विचारा: किती माणसांमागे एक गाइड, ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराचं सामान माथ्याच्या दिवशी सोबत असतं की खालच्या तंबूत राहतं, आणि गाइडनं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का. हा ट्रेक गोविंद पशुविहाराच्या हद्दीतून जातो, वनखात्याचा परवाना लागतो, तो ते काढणार का तेही विचारा. आणि बर्फ मिळेलच अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. तिथला बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेवर, ठरतो, त्याच विक्षोभांपैकी काही आपल्याकडे गहू-हरभऱ्यावर गारपीट करून जातात. डिसेंबरात एखाद्या वर्षी माथा कोरडाही असतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी जास्त भरवशाचा.

भावाच्या स्कीइंगबद्दल. मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेला नंबर घातलेली दुकानं लागतात. ड्रायव्हर तिथे थांबवतो, अंगभर रंगीत सूट आणि गमबूट चढवले जातात, आणि वर अर्धा तास कुणीतरी हात धरून स्कीवर ढकलतं. त्याला स्कीइंग शिकणं म्हणत नाहीत. खरंच शिकायचं असेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात अभ्यासक्रम घेतात. सामान तिथेच मिळतं, फी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी, शिस्त मात्र कडक. जागा लवकर भरतात, अर्ज काही महिने आधीच करावा लागतो. दोर, कडे, हिमभिंती याची ओढ असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, १९६५पासूनची. तिचा बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो. इतकी सुट्टी नसेल तर पुण्याच्या गिरिप्रेमीसारख्या, कांचनजुंगापर्यंत माणसं नेलेल्या संस्थेकडे प्रस्तरारोहणाची, म्हणजे कातळ चढण्याची, सुरुवात करावी.

प्रवासाचं शेवटी. भुसावळ-जळगावहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर, पंजाब मेल आहे, झेलम आहे. दिल्लीहून डेहराडून, आणि तिथून सांकरी जीपनं जवळजवळ पूर्ण दिवस. पण जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या सात-आठ तासही रखडतात. त्यामुळे डेहराडूनहून जीप सुटायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पोहोचाल असंच आरक्षण करा, आणि परतीच्या बाजूलाही एक दिवस मोकळा ठेवा. बूट सॅकमध्ये भरू नका, पायातच घालून जा. सॅक हरवली तर बाकी सगळं सांकरीत भाड्यानं उभं करता येईल. टोपी, मफलर आणि एक फ्लीस वरच्या कप्प्यात ठेवा. झाशी गेली की स्लीपरच्या डब्यात रात्री ते लागणारच.